मॉरिशस : किनाऱ्याकडे पाठ फिरवलेला एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशसला जाणारा प्रवासी बहुधा समुद्रासाठी जातो. तरीही एक पूर्ण दिवस बेटाच्या नैऋत्येकडील डोंगराळ भागासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सकाळी क्युरपिप येथे, आता झाडीने भरून गेलेल्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर उभे राहिले, म्हणजे हे सारे बेट लाव्ह्यातून घडले आहे हे ध्यानात येते. पुढचा गंगा तलावही अशाच एका विवरात साठलेला आहे. १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले, आणि महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून भाविक कावड खांद्यावर घेऊन पायी तेथे येतात.

तेथून रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानाच्या दाट अरण्यातून जातो. १९७४ मध्ये मॉरिशसचे अवघे चार छोटे ससाणे रानात उरल्याची नोंद होती; पिंजऱ्यात अंडी उबवून आणि पिल्ले पुन्हा रानात सोडून ही जात वाचवली गेली. ज्या बेटाने डोडो कायमचा गमावला, त्याच बेटावर हे घडले, याचे मला फार अप्रूप वाटते. वाटेत लोक आवडीने तोडून खातात ते तांबडे चिनी पेरू मात्र बाहेरून आलेले आहेत आणि मूळच्या झाडांची जागा बळकावत आहेत.

शामारेलचा धबधबा आणि बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली सप्तरंगी माती पाहायला तासभर पुरतो. उरलेला वेळ ल मोर्नला द्यावा. समुद्रात घुसलेल्या या ५५६ मीटर उंचीच्या कड्यावर मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रय घेत असत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. २००८ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

गुलामांच्या जागी मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले. त्यांपैकी आपली मराठी माणसे मुंबई बंदरातून निघाली होती. परतताना पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने येत असाल, तर चालकाला कास्काव्हेल गावात गाडी थांबवायला अवश्य सांगा. तेथे त्यांचे वंशज राहतात आणि ज्या गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ती मोठ्या भक्तिभावाने साजरी करतात.