चिठ्ठी फुकट, पण रोजी बुडते

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कापूस वेचायला मजूर मिळेना अशा दिवसांत तुम्ही इतके जण आलात, म्हणून थेट कामाचं बोलतो. मागं उभी असलेली पोरं, बसून घ्या बाबू.

आपल्याकडं मनाचं दुखणं अंगातून बोलतं. बाई दवाखान्यात जाते अन् सांगते, "हातापायाले मुंग्या येतात, छातीत धडधड करते, रातभर डोळा लागत नाही." गावातला डॉक्टर ताकदीची सलाईन लावतो. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा सलाईन. वर्षभरात त्या बाटल्यांवर किती पैसे गेले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. अन् हीच बाई मला विचारते, "मनाच्या डॉक्टरले किती पैसे लागतील जी?"

सरकारी दवाखान्यात काही लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत चिठ्ठीचेही, म्हणजे केस पेपरचेही, पैसे घेत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, सगळं त्यात आलं. मेडिकल कॉलेजचे दवाखाने वेगळ्या खात्याकडं आहेत. तिथं थोडी फी पडते, पण खाजगीच्या मानानं काहीच नाही.

मग अडतं कुठं? रोजी बुडण्यात. तालुक्याला जायचं तर सकाळची एसटी, ओपीडीची रांग, परतीची गाडी, म्हणजे दिवस गेला. सोबत माणूस न्यायचा तर दोघांची रोजी बुडाली. बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, तेवढाच आधार. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की अंदाजानं निघू नका. देशात मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, त्यातला जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. या जिल्हा पथकात मानसोपचारतज्ज्ञ असतो, मानसशास्त्रज्ञ असतो, समाजसेवक आणि नर्स असतात. पथक ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येतं. तो वार आशाताईला विचारा, नाहीतर रुग्णालयात फोन करून विचारा. चुकीच्या दिवशी गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दुसरं, तिथं गेल्यावर काय मागायचं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरजवळ पाच मिनिटं असतात. तो गोळ्या लिहून मोकळा होतो. गोळ्या वाईट नाहीत. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून फेकून देऊ नका अन् बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नका. पण तेवढ्यावर उठायचं नाही. स्पष्ट म्हणायचं, "साहेब, मले समुपदेशकाशी बोलायचं आहे, पुढची तारीख द्या." न मागता हे क्वचितच मिळतं. महिन्यातून एकदाच येणं जमत असेल तर मधल्या काळात फोनवर बोलता येईल का, तेही विचारून घ्या. खोली नसते कधीकधी, लसीकरणाच्या टेबलाशीच खुर्च्या ओढून बसावं लागतं. मागून कोणी ऐकत असेल तर "इथं नाही बोलता येणार" असं म्हणायला लाजू नका.

आता हे बोलणं म्हणजे असतं काय? उपदेश नाही. "मन घट्ट कर" हे तर घरातले रोजच सांगतात. एक माणूस बघा. बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, तेव्हापासून तो वावरात जाईना. दिवसभर खाटेवर. घरचे म्हणतात आळशी झाला. समुपदेशक त्याला विचारतो, आधी दिवस कसा जायचा? मग दोघं मिळून एकच काम ठरवतात: उद्या सकाळी फक्त धुऱ्यापर्यंत जायचं, कामाला हात नाही लावायचा. गेला की नाही, कसं वाटलं, हे पुढच्या भेटीत. मग बैलाला पाणी, मग चावडीवर दहा मिनिटं. मन लागण्याची वाट न पाहता हातपाय आधी हलवायचे, मन मागून येतं. अशा सहा-आठ भेटींत बऱ्याच जणांना उठून बसता येतं. आणि हे करायला दर वेळी एम.डी. डॉक्टरच लागतो असंही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरोघर जाऊन बोलली, गरज पडली तिथं डॉक्टरकडं पाठवलं. आधी उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात २०१७ साली हे छापून आलं. आपल्या गावांत कितीजणांना ठाऊक आहे?

ज्यांना निघणंच शक्य नाही त्यांच्यासाठी फोन आहे. १४४१६. 'टेली मानस', केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. रात्री-बेरात्री कधीही, पैसे नाहीत, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. घरात मोबाईल एकच अन् तो नवऱ्याच्या खिशात असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून लावा, वावरातून लावा. पहिल्या झटक्यात लागला नाही तर पुन्हा लावा.

एक गोष्ट जरा हळू आवाजात बोलली जाते, ती मी मोठ्यानं बोलतो. घरात कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात खोटं सांगतात, उशीर करतात. असं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. पोलीस कागद करतील, करू द्या. आणि कोणी "आता जगून काय करू" असं बोलायला लागलं, तर फवारणीचं औषध त्या घरातून त्याच दिवशी हलवा, माणसाला एकटं सोडू नका. याच कायद्यानं दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फुकट उपचाराचा हक्क दिला आहे, हाती कार्ड असो वा नसो. कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर कलम १८ म्हणा.

आता मघाशी त्या ताईंनी कागदावर लिहून विचारलेला प्रश्न. "नवरा पितो, तो काही दवाखान्यात येत नाही, मी काय करू?" तुम्ही एकट्या जा ताई. रुग्ण सोबत नसला तरी समुपदेशक घरच्यांशी बोलतो. तो प्यायलेला असताना काय बोलायचं नाही, पैसे कुठं ठेवायचे, लेकरांना कसं सांगायचं, हे तुम्हाला तिथं विचारता येईल. तुमची झोप गेली आहे ना? मग चिठ्ठी तुमच्याच नावाची काढा.