उडी किती उंच?

[दृश्य: चौकटीची वही, शिसपेन्सिल, बाटलीची झाकणं]

मे महिना, दादर. मुलांच्या गेम बनवण्याच्या शिबिराचे पहिले दोन दिवस इथले कॉम्प्युटर बंद असतात. गेम आधी कागदावर होतो. वहीचं एक पान म्हणजे एक लेव्हल, बाटलीचं झाकण म्हणजे खेळाडू. एक जण झाकण सरकवतो, दुसरा नियम सांभाळतो. नियम अर्धवट असला की भांडण ठरलेलं. हे भांडण व्हायलाच हवं, कारण नेमकं कुठे अडतंय ते त्यातूनच कळतं. कागदावर खोडरबरानं भागतं, तेच कोड लिहून झाल्यावर सापडलं तर अख्खी दुपार जाते. पहिल्याच तासाला मुलांना स्क्रीनसमोर बसवणं म्हणूनच चुकीचं.

या गटाचा गेम असा: दादरच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलंय आणि कोरड्या पायांनी शाळा गाठायचीय. ओटा, हातगाडी, दुभाजक, पुन्हा ओटा.

[दृश्य: स्क्रीन, जवळून]

आता स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, मोफत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की कोड तयार. स्क्रीनवरचा रंगमंच ४८० एककं रुंद, ३६० उंच, शून्य बरोबर मधोमध.

उडीसाठी ‘वेग’ नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा ठेवायचा डबा, लागतं. स्पेसबार दाबला की वेग १२. मग कोडच्या दर फेरीला वायमध्ये, म्हणजे उंचीत, वेग मिळवायचा आणि वेगातून १ वजा करायचा. बारा, अकरा, दहा… बेरीज ७८. यापेक्षा उंच गेममधला मुलगा उडणारच नाही. वर जाऊन त्याच पातळीला यायला २५ फेऱ्या, सेकंदाला फेऱ्या ३०. दर फेरीला ५ पुढे सरकला, तर एका उडीत १२५. हातगाडी ओट्यापासून २०० वर ठेवली तर गेम कुणालाच जिंकता येणार नाही. १२५ वर ठेवली तर ज्यानं बनवला त्यालाच जमेल. ९० ठीक. हे गणित मुलं वहीत स्वतः मांडतात, आणि गेम डिझाइन खरं तर इथेच शिकलं जातं. चित्रं नंतर काढता येतात.

हे बघा, पाय ओट्यात रुतले. खाली येताना वेग उणे १२ असतो, एका फेरीत तो बारा एककांपर्यंत आत घुसू शकतो. उपाय: ओट्याला स्पर्श होतोय तोवर वाय एकेकानं वाढवा. हे काम वेगळ्या ठोकळ्यात, ‘स्क्रीन रिफ्रेश न करता चालवा’ ही खूण करून. नाहीतर मुलगा थरथरताना दिसतो. आणि हाच उपाय भिंतीशी लागू झाला की मुलगा भिंतीवर चढतो, म्हणून आडवी टक्कर वेगळी तपासायची. जमिनीला टेकलाय का हे न बघता उडी दिली, तर स्पेसबार दाबून धरणारा थेट वरच्या कडेला.

[दृश्य: दुसऱ्या गटातली मुलगी खेळतेय, मागे तिघे उभे]

खेळणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. बनवणाऱ्यांनी हात पाठीमागे ठेवायचे आणि ती जिथे पडेल तिथे नकाशावर फुली मारायची. तिघं एकाच जागी पडले, तर चूक लेव्हलची. इथे दुभाजकापाशी चार फुल्या झाल्या, म्हणून तो २० एककं अलीकडे आला.

शेवटच्या दिवशी पालक गेम खेळून बघतात, फाइल पेनड्राइव्हवर घरी जाते, आणि पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत.