दिसायचं की लपायचं?

प्रिय श्रोतेहो, जय ख्रिस्त!

डोंगरावरील उपदेश वाचताना एका जागी मन अडतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. आणि सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो बजावतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मग दिसायचं की लपायचं?

पाचव्या अध्यायातलं सोळावं वचन शेवटपर्यंत वाचा. लोकांनी सत्कर्मं पाहावीत आणि स्वर्गातील पित्याचं गौरव करावं. सहाव्या अध्यायातले ढोंगीही दानच देतात, पण कर्णा वाजवून. पाहणाऱ्याची नजर शेवटी कुणावर जाऊन थांबते, पित्यावर की आपल्यावर, सगळा प्रश्न तिथे आहे.

आणि खरं सांगू? आपली साक्ष, म्हणजे आपल्या वागण्यातून दिसणारा विश्वास, बहुतेक वेळा आपल्या नकळतच दिली जाते. उपासना आटोपून कुटुंब गाडीतून घरी निघालंय. पुढे बसलेले आईबाप पाळकांच्या उपदेशातल्या चुका काढतात, मंडळीतल्या कुणाची तरी उणीदुणी सुरू होतात. मागे लेकरू बसलंय. तासाभरापूर्वी त्यानं ‘एकमेकांवर प्रीती करा’ हे वचन तोंडपाठ म्हणून दाखवलंय. आता ते खिडकीबाहेर बघत मुकाट्यानं ऐकतंय. पण त्याच गाडीत बाप म्हणाला, ‘काल मी त्यांच्यावर उगाच चिडलो, माफी मागायला हवी,’ आणि घरी पोचल्यावर बूटही न काढता त्यानं खरोखर फोन लावला, तर? लेकरू तेही ऐकतं.

मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या, इतिहासातली एक साक्ष तर विरोधकानंच लिहून ठेवली आहे. रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती वातावरणात वाढला, पण पुढे विश्वास सोडून जुन्या देवतांकडे वळला. इसवी सन 362 च्या सुमारास गलतियातल्या (आजच्या तुर्कस्तानातला एक प्रांत) आपल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो, की हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात! येशूच्या गालील प्रांतावरून ख्रिस्ती लोकांना तो ‘गालीली’ म्हणून हिणवायचा. त्याच्याच लेखणीतून उतरलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते. ज्यांनी ते अन्न वाढलं, त्यांची नावं आज कुणालाही ठाऊक नाहीत.

म्हणून काय आयुष्यभर गप्पच राहायचं? मुळीच नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, मात्र ते सौम्यतेनं द्या. म्हणजे कुणाला तरी विचारावंसं वाटेल असं आपलं वागणं त्यानं गृहीतच धरलं आहे. तेव्हा श्रोतेहो, ‘त्यानं एवढा त्रास दिला, तरी त्याच्या आजारपणात तुम्ही कसे धावून गेलात?’ असं उद्या कुणी विचारलं, तर संकोचू नका. ‘प्रभूनं मलाही क्षमा केली आहे,’ इतकं सांगितलं तरी पुरे. प्रवचन त्या वेळी नको. आणखी ऐकायचं असेल, तर तो माणूस स्वतःच विचारील.