अधीक्षकांनी आधी विचारायचं

नमस्कार श्रोतेहो. फाशीची शिक्षा कोर्ट सुनावतं, पण ती अमलात आणतो तुरुंग. उच्च न्यायालयाचा दुजोरा, अपील, दयेचा अर्ज हे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेत. ते संपले की सत्र न्यायालयाचं वॉरंट तुरुंगात येतं, त्यावर दिवस आणि वेळ असते. मग कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरते, डॉक्टर आणि दंडाधिकारी हजर राहतात. पण या सगळ्याआधी तुरुंग अधीक्षकांनी एक गोष्ट विचारायची असते. ती कुठून आली, ते ऐका.

उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतच्या सत्र न्यायालयानं 1975 साली एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल तिघांना फाशी सुनावली. जीता सिंग, कश्मीरा सिंग, हरबंस सिंग. खटला एकच, पुरावा एकच, तिघांचा गुन्ह्यातला वाटाही सारखाच. पण सर्वोच्च न्यायालयात तिघं वेगवेगळ्या वेळी गेले, वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे. जीता सिंगचा अर्ज 1976 मध्ये फेटाळला गेला. 1977 मध्ये कश्मीरा सिंगची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. 1978 मध्ये हरबंस सिंगचा अर्ज मात्र फेटाळला. एकाला जन्मठेप, दोघांना फाशी!

जीता सिंग आणि हरबंस सिंग यांच्यासाठी तारीख ठरली 6 ऑक्टोबर 1981. दोघांची एकच तारीख. हरबंस सिंगनं ऐनवेळी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याला स्थगिती मिळाली. जीता सिंगनं नवा अर्ज केलाच नव्हता. त्याला ठरल्या दिवशी फाशी दिली गेली.

फेब्रुवारी 1982 मध्ये हरबंस सिंगच्या प्रकरणाचा निकाल लागला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. जीता सिंगसाठी आता काहीच करता येणार नव्हतं. हरबंस सिंगची फाशी कमी करावी, अशी शिफारस न्यायालयानं राष्ट्रपतींकडे केली आणि पुढच्यासाठी तुरुंगांना सांगितलं : फाशी देण्याआधी अधीक्षकांनी जातीनं खातरजमा करावी की या कैद्याच्या सहआरोपीची फाशी कमी झाली आहे का. झाली असेल, तर वरिष्ठांना कळवावं आणि त्यांनी ते तातडीनं कोर्टापुढे आणावं. पुन्हा सांगतो, जातीनं. कैद्यानं अर्ज केला असो वा नसो.

माझं एक ठाम मत आहे, विषय जरा बाजूला जाईल. गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला सत्र न्यायालयापासूनच चांगला मोबदला मिळायला हवा. अनुभवी वकील शेवटच्या आठवड्यात धावत येऊन काय उपयोग? साक्षीदारांची उलटतपासणी तर वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असते.

असो. 2013 च्या फेब्रुवारीत तिहारमध्ये अफझल गुरूला फाशी झाली. दयेचा अर्ज फेटाळल्याचं पत्र काश्मीरमध्ये त्याच्या घरी स्पीड पोस्टानं पोचलं, ते फाशीनंतर. शेवटची भेट झाली नाही. पुढच्या वर्षी, 21 जानेवारी 2014 ला, शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं. ते कळल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस द्यायचे. चौदा दिवस, श्रोतेहो. त्या अवधीत घरच्यांची भेट घडवून आणायची. कैद्याची मानसिक स्थिती तपासायची आणि अधीक्षकांना ती ठीक वाटली नाही, तर फाशी थांबवायची. फाशीनंतर शवविच्छेदनही करायचं. त्याच निकालात 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली.