बेटाचा मालक कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडची बातमी आपल्यापर्यंत पोचते ती बहुतेक एकाच प्रश्नाला धरून. हा देश ब्रिटनमधून बाहेर पडणार का? २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं, पण तो विषय काही मिटला नाही. मला विचाराल तर तिथल्या राजकारणात त्याहून जुना आणि जास्त मुरलेला प्रश्न आहे जमिनीचा. डोंगर, कुरणं, अख्खीच्या अख्खी बेटं कुणाच्या नावावर आहेत? अँडी वाइटमन हे या विषयाचे अभ्यासक, पुढे ते तिथल्या संसदेवर निवडूनही आले. त्यांनी काही वर्षांपूर्वी मांडलेला हिशोब असा होता की खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन फक्त ४३२ मालकांच्या हातात आहे. त्यात जुनी सरदार घराणी आहेत, परदेशी धनिक आहेत, आणि सगळ्यांत मोठ्या खासगी मालकांत डेन्मार्कचा एक तयार कपड्यांचा व्यापारी आहे.

या गोष्टीचा एक धागा मुंबईत येऊन पोचतो, म्हणून लुईस बेटापासून सुरुवात करतो. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडाशी असलेलं हे बेट. गेलिक बोलणारी माणसं, वारा, आणि जळणासाठी कापून वाळवायचा पीटचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा, चिखल. १८४४ साली हे बेट जेम्स मॅथेसनने एक लाख नव्वद हजार पौंडांना विकत घेतलं. मॅथेसनकडे एवढा पैसा आला कुठून? चीनला अफू विकून. जार्डिन मॅथेसन कंपनीतला हा मॅथेसन. आणि या कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार-आडते होते सर जमशेटजी जीजीभॉय. माळव्यातली अफू मुंबई बंदरात यायची आणि तिथून जहाजाने चीनकडे जायची. एकाच व्यापाराच्या पैशातून भायखळ्याला जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, आणि तिकडे लुईसवरच्या स्टॉर्नोवे गावाच्या समोर किल्ल्यासारखा वाडा. जमशेटजींचे दानधर्म आपल्याला पाठ असतात. पलीकडच्या टोकाला त्याच पैशाने माणसांसकट बेट विकत घेतलं गेलं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

माणसांसकट म्हणतो ते मुद्दाम. बेटावर राहणारे क्रॉफ्टर, म्हणजे आपल्या भाषेत कुळं. घर स्वतःच्या हाताने बांधलेलं, पण खालची जमीन मालकाची. मालकाच्या मनात आलं की निघायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदरलँड परगण्यात मेंढ्यांसाठी गावंच्या गावं रिकामी केली होती, छपरं पेटवून. दुष्काळात मॅथेसनने धान्य वाटलं हे खरं, पण १८५० नंतरच्या काही वर्षांत त्यानेच दोन हजारांहून जास्त माणसांना भाडं भरून कॅनडाला पाठवलं. किती जण खुशीने गेले हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

१८८२ मध्ये स्काय बेटावर ब्रेज नावाच्या वस्तीत कुळांनी खंड देणं थांबवलं. ग्लासगोहून पोलीस आले, आणि बायकांनी त्यांच्यावर दगड घातले. मग सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष कोण, तर लॉर्ड नेपियर. पूर्वीचे मद्रासचे गव्हर्नर, आणि १८७२ मध्ये लॉर्ड मेयोंच्या खुनानंतर काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉय. मे १८८३ मध्ये आयोगाची पहिली बैठक ब्रेजलाच भरली. पहिला साक्षीदार अँगस स्ट्यूअर्ट उभा राहिला आणि त्याने आधी हमी मागितली: मी खरं बोललो म्हणून मालक किंवा त्याचा कारभारी मला जमिनीवरून हुसकणार नाही ना? मला वाटतं, त्या आयोगाच्या जाडजूड अहवालात या एका मागणीइतकं बोलकं दुसरं काही नसेल.

१८८६ चा कायदा आला तो याच रेट्यातून. कुळाला हुसकता येणार नाही, खंड वाजवी राहील, जमीन कसण्याचा हक्क वारसांना मिळेल. मालकी मात्र मालकाकडेच राहिली. आपल्याकडे दख्खनचे दंगे झाले १८७५ मध्ये आणि शेतकरी संरक्षणाचा कायदा १८७९ मध्ये, म्हणजे काळ साधारण तोच. पण महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ ला, कूळ कायद्याच्या कृषक दिनी, कसणारं कूळ मालक ठरलं. तिथे तो दिवस उगवायला फार वेळ लागला, आणि उगवला तेव्हा कायद्याने नाही, खरेदीखताने.

पहिली संधी आली ती साबणवाल्याकडून. लॉर्ड लेव्हरह्यूम, म्हणजे सनलाइट साबणाचे लेव्हर. त्यांच्याच कंपनीने पुढे शिवडीला कारखाना काढला. १९१८ मध्ये त्यांनी लुईस घेतलं, मोठी स्वप्नं पाहिली: मासे डबाबंद करायचे, बंदर वाढवायचं, सगळ्यांना पगारी नोकरी. पण महायुद्धाहून परतलेल्या तरुणांना जमिनीचं वचन मिळालेलं होतं. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे त्यांना घरी आणणारी आयोलेअर नावाची बोट स्टॉर्नोवेच्या तोंडाशी बुडाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. उरलेल्यांना कारखान्याचा भोंगा नको होता, क्रॉफ्ट, म्हणजे कसायला जमिनीचा तुकडा, हवी होती. त्यांनी शेतांवर कब्जे केले. १९२३ मध्ये लेव्हरह्यूमनी हात टेकले आणि बेट रहिवाशांनाच फुकट देऊ केलं. स्टॉर्नोवेने घेतलं. बाकीच्या भागांनी बहुतांशी नाकारलं, कारण मालक झालो तर मालकाची कराची पट्टी आपल्या गळ्यात पडेल ही भीती. ती भीती वेडेपणाची नव्हती, खंडातून येणारं उत्पन्न तुटपुंजंच होतं. स्टॉर्नोवे ट्रस्ट आज शंभरी ओलांडून चालू आहे, आणि त्याचे विश्वस्त लोक मतदानाने निवडतात.

त्यानंतर सत्तर वर्षं फारसं काही घडलं नाही. १९७० च्या दशकात ७:८४ नावाची नाटक मंडळी फिडल आणि गाणी घेऊन हायलँड्सच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, गावोगावच्या हॉलमधून जमिनीचा इतिहास सांगत हिंडली. आपल्याकडच्या शाहिरी कलापथकांचीच ती भावंडं. मग १९९३ मध्ये वायव्य किनाऱ्यावरच्या असिंटच्या क्रॉफ्टरांनी दिवाळखोर परदेशी कंपनीच्या ताब्यातली २१ हजार एकर जमीन तीन लाख पौंडांना विकत घेतली. आणि १९९७ च्या जूनमध्ये एग बेट. साडेसात हजार एकर, रहिवासी जेमतेम साठ-पासष्ट. किंमत पंधरा लाख पौंड. हजारो लोकांनी छोट्या देणग्या पाठवल्या आणि मोठा वाटा नाव न सांगणाऱ्या एका बाईंनी उचलला.

मालकी आल्यावर एगवर पहिला मोठा प्रश्न आला विजेचा. मुख्य भूमीवरून तार आलेलीच नव्हती, घरोघर डिझेलची जनित्रं. २००८ मध्ये पाणी, वारा आणि सूर्य यांची स्वतःची जोडणी सुरू झाली. नियम असा की एका घराला एका वेळी पाच किलोवॅट, त्याहून जास्त नाही. श्रीमंत असो वा गरीब, किटली आणि धुलाई यंत्र एकदम लावायचं तर आधी बेरीज करायची. लोकसंख्या आता शंभरीपार गेली आहे.

कायदा आला तो एडिंबरामध्ये १९९९ मध्ये संसद परत सुरू झाल्यावर. लंडनच्या लॉर्डांच्या सभागृहात जमीनदारच बसलेले असताना हा विषय पुढे सरकणं कठीण होतं. सरंजामी जमीनधारणा २००४ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. हो, २००४! २००३ च्या कायद्याने गावाला हक्क दिला: ही जमीन आम्हाला घ्यायची आहे अशी नोंद करून ठेवा, मालक विकायला निघाला तर पहिली संधी तुमची. बाहेरच्या हेब्रिडीज बेटांवर, ज्यांत लुईसही येतं, आज दहातले सात जण सामुदायिक मालकीच्या जमिनीवर राहतात. अख्ख्या स्कॉटलंडचा हिशोब केला तर मात्र अशी जमीन तीन टक्क्यांहूनही कमी भरते.

अडचण आहे भावाची. गावाने घ्यायचं ते बाजारभावाने, आणि बाजारात आता नवे गिऱ्हाईक आहेत: झाडं लावून, पीट जपून हवेतला कार्बन जमिनीत राखला म्हणायचं आणि त्याचं श्रेय (कार्बन क्रेडिट) प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांना विकायचं, असे. लोक त्यांना 'ग्रीन लेअर्ड' म्हणतात, म्हणजे हिरवे जमीनदार. दक्षिणेकडच्या लँगहोमच्या लोकांनी बुक्लू सरदारांकडून साडेदहा हजार एकर माळ घेतला, पण एका दमात नाही. पैसे जमतील तसे दोन हप्ते, २०२१ आणि २०२२. सरकारचा स्कॉटिश लँड फंड आहे, तो वाटा उचलतो, पण सगळा नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. एक हजार हेक्टरच्या वरची इस्टेट विकायला निघाली तर ती तुकडे पाडून विका, असं मंत्री सांगू शकतील, आणि मोठ्या मालकांना जमिनीचा आराखडा लोकांपुढे ठेवावा लागेल. जमीनमालकांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. सुधारणावाले म्हणतात, किती जमीन ठेवावी यावर कमाल मर्यादा अजूनही नाहीच. सिलिंगचा कायदा पाहिलेल्या महाराष्ट्राला हे ऐकून नवल वाटेल, आणि आपली सिलिंगची अंमलबजावणी आठवली तर नवल थोडं ओसरेलही. तिकडे आता लक्ष याकडे आहे की पहिली इस्टेट तोडायला कोणता मंत्री सांगतो, आणि तो तुकडा घ्यायला शेजारचं गाव पैसे कुठून उभे करतं. नमस्कार.