रेट कमी ठेवला तर?

मघाशी बाहेर एका मुलाने मला गाठलं, म्हणाला सर, ऑनलाइन बिझनेस सुरू करायचाय पण मी जे विकणार ते आधीच शेकडो जण विकतायत, मग माझ्याकडे कोण येणार? आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, रेट कमी ठेवला तर? आज मी त्या एका प्रश्नावरच बोलणार आहे, कारण नवीन माणूस नेमका तिथेच बुडतो आणि मला खरंच ते बघवत नाही.

तुम्ही रात्री रेट उतरवला की समोरचा सकाळी उतरवतो. त्यासाठी त्याला काही शिकावं लागत नाही, नवीन माणूस ठेवावा लागत नाही, एक आकडा बदलला की झालं काम. जे समोरच्याला एका रात्रीत जमतं त्याला मी अ‍ॅडव्हांटेज म्हणत नाही.

अमेरिकेत पेट्स डॉट कॉम नावाची कंपनी होती, कुत्र्यामांजरांचं सामान ऑनलाइन विकायची. जाहिरात जोरात होती, फेब्रुवारी 2000 मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. माल खरेदीपेक्षाही कमी भावात द्यायचे, वर ती जडजड पोती घरपोच करायचा खर्च, म्हणजे जेवढ्या ऑर्डर जास्त तेवढा खड्डा मोठा. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा धंदा ऑनलाइन होतच नाही. आणि 2011 मध्ये च्युई नावाची कंपनी आली, तोच माल, तीच जड पोती. तोवर इंटरनेट घरोघरी पोचलं होतं हे खरं, आणि त्यांनीही बरीच वर्षं तोटा सोसला, पण त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक म्हणजे ऑटोशिप, खाणं संपायच्या सुमारास पुढची पिशवी आपोआप दारात, त्यामुळे गिऱ्हाईक दर महिन्याला पुन्हा दहा साइट फिरून रेट बघत बसत नाही. दुसरं, फोनवर बोलणारी माणसं. कोणाचं जनावर गेलं, त्याने उरलेली पिशवी परत घ्याल का विचारलं, तर पैसे परत द्यायचे, पिशवी बेवारस जनावरं सांभाळणाऱ्या कुठल्या तरी शेल्टरला देऊन टाका म्हणायचे, आणि कधी कधी त्या घरी फुलं पाठवायचे. 2017 मध्ये पेटस्मार्टने, म्हणजे असंच सामान विकणाऱ्या दुकानांच्या मोठ्या साखळीने, ही कंपनी सुमारे 335 कोटी डॉलरला विकत घेतली. आता फुलं कोणीही पाठवू शकतो हो, पण फोन उचलणाऱ्या माणसाला न विचारता तेवढा खर्च करायची मोकळीक देणं, ते सगळ्यांना नाही जमत.

तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठे एवढा पैसा. म्हणून एक छोटं उदाहरण सांगतो, माझ्या ओळखीतल्या एक बाई जुन्या शिलाई मशीनचे पार्ट ऑनलाइन विकतात. पार्ट सगळीकडे तेच मिळतात, पण गिऱ्हाइकाला आपल्या मशीनचं मॉडेलच माहीत नसतं, आकडा पुसला गेलेला असतो, अंदाजाने बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी, मागवतात, ती बसत नाही, परत पाठवतात. बाईंनी साइटवर लिहिलं की जुना पार्ट काढा, त्याच्या शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा, मी सांगते कुठला लागेल. सुरुवातीला रोज दोन-चार फोटो, प्रत्येक फोटो त्यांनी जपून ठेवला, खाली लिहिलं की याला हा बसला, तो बसला नाही. आज तो फोटोंचा साठा हीच त्यांची खरी इस्टेट आहे, त्यांचा रेट सगळ्यात कमी नाही तरी लोक तिथेच येतात, कारण चुकीचा पार्ट परत पाठवायचा ताप वाचतो. मोठ्या साइटवाल्याला एका बॉबिन केससाठी पाच मिनिटं फोटो बघत बसणं परवडणारच नाही, आणि उद्या परवडलं तरी इतक्या दिवसांचे फोटो तो आणणार कुठून?

अशी जागा शोधायची तर दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाचा, पण पाच स्टारवाले नको, एक स्टारवालेही नको (तिथे नुसता राग असतो), तीन स्टारवाले वाचा. वस्तू चांगली आहे पण, असं लिहिलेलं असतं ना, त्या पणच्या पुढचं वहीत उतरवा. तीच तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली की समजा, इथे कोणीतरी लक्ष द्यायचं राहिलंय. आणि मग लगेच माल भरू नका हं. ऑनलाइन बूट विकणारी अमेरिकेतली झॅपोस कंपनी 1999 मध्ये सुरू झाली तेव्हा संस्थापकाने दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवले. त्यात कमाई नव्हती, पण लोक न घालून बघता बूट घेतात हे गोडाऊन भरायच्या आधी कळलं.

तो मघाचा मुलगा कुठे बसलाय? हा, तू. काय विकणार ते तू मला सांगितलंस. आता ती वस्तू घेण्याआधी लोक सगळ्यात जास्त काय विचारतात ते सांग. त्याच्याकडे माइक द्या जरा.