थिअरीचा पेपर आणि आत्याचे पुठ्ठे

नमस्कार, श्रोतेहो. नुकताच गाडी शिकायला लागलेला माणूस लांबून ओळखू येतो. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा डावा पाय क्लच दाबत असतो. पण थिअरीच्या पेपरचं नाव काढा, हाच माणूस म्हणतो, "त्यात काय, आदल्या रात्री वाचून काढू!" मीही म्हणालो होतो. दोन गुणांनी उडालो. आज तीच गोष्ट सांगणार आहे, कारण ती सांगायला मला फार आवडते, आणि घरच्यांनी ऐकून घेणं केव्हाच बंद केलंय.

आधी मुद्दा. उत्तर पाठ करू नका, ते तसं का आहे ते विचारा. पुन्हा सांगतो. उत्तर नको, त्यामागचं 'का' हवं.

तर, माझी आत्या आणि मी एकाच महिन्यात गाडी शिकायला लागलो. आत्या साठीची. माझ्या फोनवर सरावाचे शेकडो प्रश्न होते. ते मी इतक्यांदा सोडवले, की प्रश्न अर्धा वाचला तरी बोट आपोआप बरोबर पर्यायावर जायचं. मला वाटलं, तयारी झाली. तयारी बोटाची झाली होती.

आत्याने कात्री मागितली. आता, कात्री ही घरातली एकमेव वस्तू आहे जी कुणीच घेतलेली नसते आणि तरी जागेवर नसते. दोन कात्र्या घ्या म्हणून मी वर्षानुवर्षं सांगतोय. असो. कात्री मिळाली. आत्याने रिकाम्या खोक्याचे आकार कापले: त्रिकोण, गोल, अष्टकोन. रंग नाही, चित्र नाही. त्रिकोण दोन, आणि उलटा कोणता, सुलटा कोणता हे कळावं म्हणून दोघांच्याही वरच्या बाजूला एकेक भोक. सगळे उशीच्या अभ्र्यात घातले. मग रोज संध्याकाळी डोळे मिटून एकेक काढायची, चाचपायची आणि पुटपुटायची, "टोक वर, पुढे धोका. गोल, हुकूम. टोक खाली, आधी दुसऱ्याला जाऊ द्या. आठ कोपरे, थांबा."

मी हसलो. म्हटलं, "आत्या, पाट्यांना रंग असतात गं, अक्षरं असतात."

"अरे, आणि पाटीची पाठ दिसली तर?"

तेव्हा मला ते वेडेपणाचं वाटलं. पण चौकात दुसऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली पाटी आपल्याला पाठीमागूनच दिसते. आठ कोपरे दिसले की कळतं, त्या बाजूच्या गाडीला थांबायचं आहे. म्हणून तर बहुतेक देशांत 'थांबा'ची पाटी अष्टकोनी, आणि दुसऱ्या कुठल्याच पाटीला तो आकार नाही. रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल १९६८ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही 'थांबा'साठी अष्टकोन आहे.

परीक्षेचा दिवस. आम्ही दोघं एकाच खोलीत, समोर संगणक. सगळीकडे चिडीचूप. आणि मध्येच आत्या खुदकन हसली. पर्यवेक्षक तिच्या मागे येऊन उभे. "काय झालं?"

आत्या म्हणाली, "काही नाही, ओळखीचं कुणीतरी भेटलं."

थोड्या वेळाने तो प्रश्न माझ्याही पडद्यावर आला. खांबावर एक पाटी, बर्फाने पूर्ण झाकलेली. रंग नाही, अक्षर नाही, नुसते आठ कोपरे. तुम्ही काय कराल? माझ्या बोटाला हा प्रश्न माहीतच नव्हता. ते 'वेग कमी करून पुढे जाईन'वर टेकलं. आत्या पास. मी घरी येईपर्यंत गप्प.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं उरली. थांबण्याचं अंतर घाईत सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागला, तर तेवढा रस्ता गेलाच, ब्रेक त्यानंतर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकला लागणारं अंतर चौपट. दुप्पट वेग, चौपट अंतर. म्हणून पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंद मागे राहा, ओल्यावर चार. त्या मोकळ्या जागेत कुणी गाडी घुसवलीच तर घुसवू द्या. अशी माणसं आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेली मी पाहिलेली नाहीत, स्वतःच्या लग्नालासुद्धा.

कुणी आधी जायचं, दिवे कधी लावायचे, ते पुस्तकात वाचा. वाचताना 'का' विचारा.

दुसऱ्या खेपेला आत्याने तो अभ्रा पुठ्ठ्यांसकट माझ्या हातात दिला, आणि मी पास झालो. कात्री मात्र तेव्हापासून सापडलेली नाही. नमस्कार.